आत उघडणारा दरवाजा

मी बाथरूमचा दरवाजा बोलतोय, आणि मी थकलोय. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच माझा आवाज खाली गेला तर तुम्ही सांभाळून घ्याल.

घरातल्या दारांमध्येही मानपान असतो. पुढच्या दाराला नावाची पाटी, घंटी, पायपुसणं. येणारा-जाणारा आधी त्याच्याशी दोन शब्द बोलतो. आमच्याकडे माणसं येतात ती घाईघाईनं आणि जातात ती पाठ फिरवून. पाहुण्यांना आमचा पत्ता विचारायचा असला तरी ते आवाज खाली करतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसाची लाज राखणं हे माझं काम, आणि असलं काम करणाऱ्यानं पुढे पुढे करू नये.

एका सुताराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. एकाच इमारतीसाठी आम्ही बारा जण तयार होत होतो. सुतारानं पेन्सिल कानामागून काढून ठेकेदाराला विचारलं, "रुंदी किती धरू?"

ठेकेदार म्हणाला, "बाथरूमलाच बसवायचेत ना? दोन फूट पुष्कळ झाले. आत काय कपाट न्यायचंय?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. लाकूड ओलं होतं, अक्कल कोवळी होती. इमारतीत आणल्यावर दुसरा प्रश्न निघाला. बोळ इतका अरुंद, की मी बाहेर उघडलो असतो तर समोरच्या स्वयंपाकघराच्या दारावर आपटलो असतो. म्हणून मला आत उघडणारा केला. अर्ध्या-अर्ध्या मिनिटात दोन निर्णय झाले आणि पुढची तीस वर्षं कुणीतरी ते भोगत राहिलं.

सुरुवातीची बिऱ्हाडं धडधाकट होती. एक कारकून आत बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि त्याची बायको बाहेरून विचारायची, "आज काही सुटलं का वाचायचं?" एका घरात तीन मुलं होती. भांडण झालं की जो हरेल तो माझ्यामागे येऊन कडी लावायचा. माणसं आत गातात, आत हिशेब जुळवतात, नळ सोडून रडतात. हे सगळं मी पोटात ठेवलं. पाण्यानं माझी खालची कड कुजली तेव्हा कुणीतरी तिथं पत्रा ठोकला. पावसाळी हवेत मी फुगायचो आणि चौकटीत अडकायचो. मग मूठ धरून मला जरा वर उचलायचं आणि ओढायचं, ही युक्ती प्रत्येक बिऱ्हाड पुढच्याला शिकवून जायचं.

मग त्या दोघी बहिणी राहायला आल्या.

थोरली कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. बोलणं कमी, कामाला वाघ. धाकटी बोलकी. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे फोन ती घरून घ्यायची. "नमस्कार, दवाखाना! बोला, कुठला दात?" असं ती इतक्या आनंदानं विचारायची, की पलीकडच्याचं निम्मं दुखणं तिथंच थांबत असावं. दोघींचं लग्न झालेलं नव्हतं. पन्नाशी दोघींनीही ओलांडली होती, पण थोरली अजून धाकटीला "पोरी" म्हणायची.

धाकटीच्या पायांचे स्नायू हळूहळू मरत होते. आली तेव्हा हातात काठी होती. दोन वर्षांनी चौपायी वॉकर आला. आणखी दोन वर्षांनी एका सकाळी बोळातून चाकांचा आवाज आला आणि खुर्ची माझ्यासमोर येऊन उभी राहिली. थोरलीनं पुढे ढकलली. खट्. मागे घेऊन पुन्हा ढकलली. खट्. चौकटीचा रंग उडाला.

"किती कमी पडतंय?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं दोन बोटं धरून पाहिली. "एवढंच," ती म्हणाली.

ती दोन बोटं त्या घरात ठाण मांडून बसली. थोरली खुर्ची माझ्यापाशी आणायची, बहिणीच्या काखेत हात घालून तिला उभी करायची, आणि चार पावलं मागे मागे चालत तिला आत न्यायची. मग तिथंच उभं राहावं लागायचं, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. मला लावता यायचं नाही. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि मुद्दाम काहीतरी मोठ्यानं बोलायची, भाजी काय आणू, पंख्याचा आवाज कसला येतोय. धाकटी उत्तरं द्यायची. मी उघडाच्या उघडा, भिंतीला टेकलेला. इतकी वर्षं नोकरी करून शेवटी आपण बिनकामाचे ठरलो, हे मला तेव्हा कळलं.

थोरली सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. मधल्या नऊ तासांचं काय? त्याचा बंदोबस्त धाकटीनं परस्पर केला. तिनं पाणी तोडलं. सकाळचा चहा अर्धा कप, नंतर एक घोटही नाही. दवाखान्याच्या पेशंटना ती फोनवर बजावून सांगायची, "औषध चालू आहे ना, मग भरपूर पाणी प्या बरं का." तिच्या खुर्चीशेजारी पाण्याची बाटली भरलेली असायची. संध्याकाळी बहीण यायच्या आत ती कुंडीत ओतून टाकायची. थोरली म्हणायची, "झाड बघ कसं तरारलंय." मी सगळं बघायचो. दरवाजाला चाडी करता येत नाही.

दोनदा ताप आला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला सूज आहे, पाणी प्या. धाकटीनं मान डोलावली.

मग ती दुपार आली. दुसऱ्या तापातून ती नुकतीच उठली होती, आणि त्या दिवशी खरोखरच पाणी प्यायली होती. दोन वाजता खुर्ची माझ्यासमोर आली. कोपऱ्यात धूळ खात पडलेला वॉकर तिनं ओढून घेतला, आडवा करून आधी आत सारला, मग स्वतः उठली. कशी उठली ते मला विचारू नका. घाम गळत होता. चार पावलांना किती वेळ लागला, तेही मी मोजलं नाही. पण ती आत पोचली. आणि आत पोचल्यावर तिनं काय केलं असेल? घरात चिटपाखरू नसताना तिनं हात लांब करून मला लोटून घेतलं. दीड वर्षानं मी तिच्यामागे पहिल्यांदा लागलो. आतून गाण्याची एक ओळ ऐकू आली, बेसूर, पण पूर्ण ओळ.

परत निघताना वॉकरचा पाय ओल्या फरशीवर सरकला. ती पडली ती नेमकी माझ्यावर. पाठ आणि खांदा मला टेकलेले, पाय कमोडपाशी अडकलेले. उठता येईना. फोन बाहेर खुर्चीच्या पिशवीत. तो वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. सात-आठ फोन झाल्यावर ती जमिनीवरूनच ओरडली, "नमस्कार, दवाखाना! आज आमच्याकडे सगळंच बंद आहे!" आणि हसली. नंतर हसली नाही. लाकडाला माणसाच्या अंगाची थरथर कळते. चार तास ती मला कळत होती.

सहाला थोरली आली. रिकामी खुर्ची पाहून तिच्या हातातली पिशवी पडली. धावत येऊन तिनं मला ढकललं.

"ताई, ढकलू नकोस! माझा खांदा आहे मागे."

"मग काय करू?"

"थांब जरा. मी सरकते."

मी आत उघडतो, आणि आत माणूस पडलेला. मला उघडायचं तर तिला चिरडायचं, आणि मला उखडायचं तर बिजागऱ्याही आतल्याच अंगाला. कधी जळून खाक व्हावंसं वाटलं असेल तर ते त्या अर्ध्या तासात. ती बोट-बोट सरकत राहिली आणि थोरली बाहेर जमिनीवर बसून माझ्या खालच्या फटीतून हात घालून तिची बोटं धरून बोलत राहिली, "सावकाश, पोरी, सावकाश." फट जेमतेम वीतभर झाली तशी थोरली अंग चोरून आत शिरली. दोघी तिथंच ओल्यात बसल्या. पाण्याची गोष्टही त्याच दिवशी बाहेर आली. थोरली आधी चिडली, आणि उठताना तिनं मला एक लाथ घातली. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, की घरात बदल करून घेतल्याशिवाय भागणार नाही. अपंग भाडेकरूंच्या घरात असे बदल करून देणारं एक कार्यालय होतं. तिथं थोरलीनं अर्ज केला. दोन महिन्यांनी एक बाई आल्या. वय थोरलीएवढंच, पायात सुजेमुळे सैल केलेल्या चपला, खांद्याला फुगलेली पिशवी, हातात टेप. आल्या आल्या म्हणाल्या, "आधी बसते हं दोन मिनिटं. आज हे चौथं घर." बसायला म्हणून त्यांनी बाथरूममधली बादली पालथी घातली आणि माझ्यासमोर बसल्या. धाकटीनं त्यांचं नाव तिथल्या तिथं ठेवलं, मापवाल्या बाई.

त्यांनी मला मापलं, बोळ मापला, खुर्ची मापली, कमोडची उंची मापली. मग वही मांडीवर घेऊन धाकटीला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

धाकटी बहिणीकडे बघू लागली. आजवर डॉक्टर, कारकून, शेजारी, सगळे तिच्या डोक्यावरून थोरलीलाच विचारायचे, "यांना काय त्रास आहे?" जणू खुर्चीत गाठोडं ठेवलंय.

"तुम्हालाच विचारतेय," बाई म्हणाल्या. "त्यांना नंतर विचारीन."

"मला आतून कडी लावायचीय," धाकटी म्हणाली.

मापवाल्या बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्यांनी काय काय करता येईल ते सांगितलं. चौकट फोडून आणखी हातभर रुंद करायची, माझ्या जागी भिंतीलगत सरकणारा दरवाजा बसवायचा, कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे, फरशी खरखरीत आणि सपाट, अंघोळीला भिंतीत बसवलेलं स्टूल. "म्हणजे ताईला आत यावं लागणार नाही?" धाकटीनं विचारलं. "आलीच तर पाहुणी म्हणून येईल," बाई म्हणाल्या.

एवढं ऐकून मला वाटलं, सुटलो. आठवडाभरात येतील आणि मला काढून नेतील. माणसांच्या कार्यालयांचा मला अनुभव नव्हता.

घराच्या मालकाची सही लागत होती. मालक वरच्याच मजल्यावर राहायचे. एकटे, गुडघे धरलेले, जिना उतरताना प्रत्येक पायरीला "हं" म्हणायचे. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "हे बघा बाई, माझा काही विरोध नाही."

ज्यांचा काही विरोध नसतो त्यांना हलवणं सगळ्यात अवघड. मालकांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. मागच्या एका भाडेकरूनं भिंतीत कपाट करायला म्हणून नळी फोडली होती आणि वरच्या खोलीत दोन वर्षं ओल होती. "भिंत फोडायची म्हटलं की मला तीच ओल दिसते," ते म्हणाले. "आणि उद्या या सोडून गेल्या की पुढचा भाडेकरू विचारणार, हे दवाखान्यासारखं बाथरूम कुणाचं? त्यापेक्षा एखादी बाई ठेवा ना मदतीला."

मापवाल्या बाई त्यांच्याकडे चार वेळा गेल्या. नळ्यांचा नकाशा दाखवला. नळी फुटणार नाही असं गवंड्याकडून लिहून आणलं. प्रत्येक वेळी जिना उतरून खाली आल्या की धाकटीकडे बघून फक्त मान हलवायच्या आणि पायाचा घोटा चोळत बसायच्या. मध्ये कार्यालयातून पत्र आलं, की मापं घेऊन सहा महिने झाले, ती आता चालणार नाहीत, नव्यानं घ्या. बाईंनी टेप काढला आणि मला पुन्हा मापलं.

"वाढला का हो?" धाकटीनं विचारलं.

"नाही ना. खायला घालत नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा मापलं. त्या वेळी कुणी विनोद केला नाही.

कारण मधल्या काळात थोरलीची पाठ गेली होती. एका सकाळी बहिणीला उचलताना तिच्या कमरेत काहीतरी करकन वाजलं. तिनं धाकटीला सोडलं मात्र नाही. माझ्या चौकटीला घासत दोघी हळूहळू खाली बसल्या. धाकटी म्हणाली, "ताई, हे तुझं की दाराचं?"

त्यानंतर समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी सकाळ-संध्याकाळ हात द्यायला येऊ लागल्या. चांगल्या होत्या, पण रोज निघताना "देव तरी किती परीक्षा बघतो" म्हणायच्या आणि धाकटीचा चेहरा पडायचा. दुपारची बाटली पुन्हा कुंडीत जाऊ लागली. आता थोरलीला ते माहीत होतं, आणि धाकटीला माहीत होतं की तिला माहीत आहे.

एक दिवस थोरली एकटीच आत आली, मला लावलं, कडी घातली, नळ सोडला. मी मघाशी म्हटलं ना, माणसं नळ सोडून रडतात. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. धाकटीसमोर जाऊन ती म्हणाली, "गावाबाहेर ती अपंगांना सांभाळणारी संस्था आहे ना… नुसतं बघून येऊ या का? नाही आवडली तर नाही."

फोन वाजला. धाकटीनं तो उचलला. "नमस्कार, दवाखाना! बोला, कुठला दात?" आवाज तोच, आनंदी. वेळ लिहून घेतली, फोन ठेवला. मग म्हणाली, "बघून येऊ. तुझी पाठ बरी झाली की जाऊ."

"पाठ बरी झाली तर कशाला जायचं?" थोरली म्हणाली.

हे मापवाल्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या तडक वर गेल्या आणि या वेळी मालकांना घेऊनच खाली आल्या. "कागद पुष्कळ झाले, एकदा डोळ्यांनी बघा," एवढंच त्यांचं म्हणणं. मालक बाहेरच्या खोलीत बसले. चहा झाला. वाद झाला. पुन्हा चहा झाला. मालक खुर्चीत चुळबुळ करू लागले. त्यांचं वय असं, की दोन चहा फार वेळ दम काढू देत नाहीत, आणि वर जायचं तर अठरा पायऱ्या.

"काका, बोळातून डावीकडे," धाकटी सहज म्हणाली.

ते आले, मला लावलं, कडी घातली. सकाळी आत कपडे धुतले होते आणि हवाही दमट होती, त्यामुळे मी टम्म फुगलो होतो. लोक म्हणतील, मी मुद्दाम केलं. नाही हो. एवढी हुशारी माझ्यात असती तर दोन वर्षं वाट कशाला पाहिली असती?

काम झाल्यावर मालकांनी कडी काढली आणि मला ओढलं. मी हललो नाही. त्यांनी जोर केला, तशी माझी मूठच निघून त्यांच्या हातात आली आणि ते मागे भिंतीवर आपटले. पाय ओल्या फरशीवर सरकले. "अहो, कुणी आहे का?"

सगळी बोळात धावली. मापवाल्या बाईंनी बाहेरून जोर लावला.

"ढकलू नका! मी मागे आहे!"

"मग बाजूला व्हा ना."

"कुठं होऊ? जागा कुठाय?"

धाकटीची खुर्ची माझ्यासमोर आली. दातदुखीवाल्यांशी बोलायची त्याच आवाजात ती बोलू लागली. "काका, घाबरू नका. मला या खोलीची सवय आहे. आधी कमोडचं झाकण खाली करा. केलंत? आता त्यावर बसा."

"बसू कसा? गुडघे वाकत नाहीत. धरायला काहीच नाही हो इथं!"

"हो काका," धाकटी म्हणाली. "नाहीच आहे."

मग मालक भिंतीला हात टेकत टेकत कसेबसे बसले, पाय जवळ ओढून घेतले, आणि मापवाल्या बाईंनी मला वर उचलून ढकललं. मालक बाहेर आले ते बाहीपर्यंत भिजलेले, हातात माझी मूठ. थोरलीनं पाणी दिलं. ते पिता पिता थांबून त्यांनी धाकटीला विचारलं, "तुम्ही हे रोज करता?"

"नाही. दिवसा मी पाणी पीत नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला. मूठ टेबलावर ठेवली. वर गेले. प्रत्येक पायरीला "हं" ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी सही आली. पण सहीच्या खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी घातल्या होत्या. मापवाल्या बाईंनी त्या बोळात उभं राहून वाचून दाखवल्या. "भाडेकरू गेल्यावर घर होतं तसं करून द्यावं. जुना दरवाजा मोडीत न काढता माझ्या ताब्यात द्यावा. तोच दरवाजा परत बसवण्यात येईल."

"गेल्यावर म्हणजे?" थोरली भडकली. "कुठं गेल्यावर?"

"ते विचारत बसू नका," मापवाल्या बाई म्हणाल्या. "सही आहे. दोन वर्षांनी सही आहे. मी ती घेऊन निघाले."

काम लगेच झालं असं समजू नका. ठेकेदारानं तीन तारखा मोडल्या. मग एकदाचे गवंडी आणि सुतार आले. सुतारानं माझ्या बिजागऱ्यांवरचे रंगाचे थर पटाशीनं खरवडले, स्क्रू एकेक काढले, आणि मी चौकटीतून निघालो. अंग इतकं हलकं वाटलं, की मी कुणाच्या हातात आहे हेही कळेना. त्यांनी मला बोळात भिंतीला टेकवून ठेवलं. दहा दिवस दोघी समोरच्या मावशींकडे जात होत्या आणि दहा दिवस मी धूळ खात सगळं बघत होतो. दांडे बसले तेव्हा मापवाल्या बाई आल्या, पालथ्या बादलीवर बसून हात लांब केला आणि म्हणाल्या, "चार बोटं वर झालाय. काढा."

गवंडी म्हणाला, "बाई, चार बोटांनी काय होतं?"

"इथं सगळं बोटांवरच अडलं होतं, दादा. काढा."

शेवटी सरकता दरवाजा बसला. रुंद, पांढरा, चाकांवर चालणारा. त्याच्याकडे बघून मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू? धाकटी खुर्चीत बसून बोळात आली. मागे थोरली, मापवाल्या बाई, सुतार, गवंडी, समोरच्या मावशी, सगळी वऱ्हाडासारखी उभी.

"आता सगळे स्वयंपाकघरात जा," धाकटी म्हणाली.

"अगं, पहिलीच वेळ आहे, मी फक्त…"

"ताई. जा."

खुर्ची कुठंही न घासता आत गेली. पांढरा दरवाजा सरकला. कडी लागली. आवाज लहानसाच झाला. थोरली गेली नव्हती, स्वयंपाकघराच्या दारात अडकून उभी होती. तिचे दोन्ही हात पुढे आलेले होते, उचलायला निघाल्यासारखे, आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ते पदराला पुसले.

"झालं का गं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"आत्ताच तर आले. बस की जरा."

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मापवाल्या बाईंनी घड्याळ बघितलं, त्यांना अजून दोन घरं करायची होती, पण त्या उठल्या नाहीत. मावशी "देव…" म्हणून सुरू करणार होत्या, बाईंनी त्यांच्याकडे बघितलं तशा थांबल्या.

अर्ध्या तासानं थोरली ओरडली, "पोरी, बाहेर ये आता, मलाही जायचंय!"

आतून हसू आलं. कडी मात्र निघाली नाही.

सरकता दरवाजा गुळगुळीत आहे, त्याला काही लागत नाही, पण त्यालाही त्याची दुखणी निघतीलच. मला मात्र त्याच दिवशी जिन्याखालच्या कोठडीत हलवलं. मापवाल्या बाईंनी जाण्याआधी माझ्या बिजागरीला सुतळीनं एक पुठ्ठा बांधला. त्यावर खोलीचा क्रमांक, माझं माप, आणि खाली, "भाडेकरू गेल्यावर परत बसवणे." लिहून झाल्यावर त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. मग पिशवी खांद्याला लावून, चपला ओढत, पुढच्या घरी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. येण्याचं कारण उरलं नाही. त्यांच्या कामात तेच बक्षीस असावं.

आता मी इथंच आहे. माझ्याबरोबर एक मोडका पंखा आणि रंगाचे सुकलेले डबे आहेत. कोठडीच्या भिंतीपलीकडे तोच बोळ. दिवसातून पाच-सहा वेळा सरकत्या दरवाजाची चाकं वाजतात. सकाळी वाजतात, आणि दुपारी, घरात एकटी असतानाही वाजतात. म्हणजे पाणी पिते. तेवढ्यावर माझा दिवस जातो.

मालक महिन्यातून एकदा गुडघे धरत येतात, मला वरून टिचक्या मारून बघतात आणि म्हणतात, "लाकूड टणक आहे अजून." ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतःच्या बाथरूमलाही दोन दांडे बसवून घेतलेत, असं जिन्यावरच्या बोलण्यातून कळलं. पण ते टिचकी मारतात तेव्हा मला धडकी भरते. माझी गरज पडेल तो दिवस म्हणजे त्या दोघी नसतील तो दिवस. पुन्हा दोन फूट, पुन्हा आत उघडणं, पुन्हा कुणीतरी माझ्यामागे पडणं. माझ्यात आता ते बळ नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो. माझ्या खालच्या पत्र्याच्या आतून वाळवी लागली आहे. ती बाजू भिंतीकडे आहे, त्यामुळे मालकांना अजून दिसलेली नाही. हळूहळू वर चढतेय, मध्यावर आलीय, आणि मला मुळीच दुखत नाही. तुमच्यापैकी कुणाला वाळवीवरचं औषध माहीत असेल, तर कृपा करून मालकांना सांगू नका.